रस्त्याकडे तोंड असलेलं दार

ते दार दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कल्याणला एक जुना बंगला पाडत होते तिथून आणलं होतं. जाड सागवान, वरच्या अंगाला कोरलेलं कमळ, पितळेची कडी. दादा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते आणि आमचं घर बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात होतं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. दादांनी कुडाचं घर उतरवून विटांचं बांधलं आणि त्याला हे दार बसवलं.

आमच्या वस्तीतल्या सगळ्या घरांची दारं मागच्या ओढ्याकडे होती. पुढून गावाचा रस्ता जायचा. त्यावरून पालखी जायची, वराती जायच्या, आणि आमची दारं त्या रस्त्यावर उघडायची नाहीत असा जुना रिवाज होता. आमच्या माणसांनी धर्म बदलला, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तरी दारं ओढ्याकडेच राहिली, कारण घरं जुनीच होती. दादांचं घर नवं होतं. त्यांनी दार रस्त्याकडे लावलं.

गावातून दोनदा निरोप आला, दार फिरवून घे. दादांनी दोन्ही वेळा सांगितलं, भिंत बांधून झाली आहे. तिसऱ्यांदा निरोप आला नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरचा दुसरा दिवस होता. वस्तीतली बरीच माणसं कार्यक्रमाला बाहेरगावी गेलेली, परतली नव्हती. दादा रात्रपाळी करून येऊन झोपले होते. आई चुलीपाशी होती, दीड वर्षाचा भाऊ तिच्या मांडीवर. मी नऊ वर्षांची. काका, दादांचे धाकटे भाऊ, हापशावर पाणी भरायला गेले होते. भर दुपारी रस्त्यावरून माणसं धावत आल्याचा आवाज आला. दादा उठले, त्यांनी कडी घातली, आडणा लावला आणि दाराला खांदा देऊन उभे राहिले.

पहिला घाव बसला तेव्हा मला वाटलं, कोणी दगड मारला. दुसऱ्या घावाला कुऱ्हाडीचं पातं आत आलं. ते लाकडात अडकायचं, बाहेरून हिसडा देऊन ओढलं जायचं आणि त्या फटीतून ऊन आत यायचं. मी ते ऊन बघत होते. आईने भावाचं तोंड छातीशी दाबून धरलं होतं. पाचव्या घावाला पातं दादांच्या खांद्यात गेलं. ते ओरडले नाहीत, फक्त दुसरा खांदा लावला. रक्त त्यांच्या कोपरावरून खाली माझ्या पायापाशी गळत होतं.

मग बाहेर काकांचा आवाज आला. ते हापशावरून धावत आले असणार. आवाज दोनदा आला.

"दादा, दार उघडू नको."

त्यानंतर जे आवाज आले ते दारावरचे नव्हते. मी ते अजून ओळखते. ओली चादर दगडावर आपटावी तसे होते. आई म्हणत होती, उघडा, त्याला मारतायत, उघडा. दादांनी दार उघडलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांची मान हलत होती, नाही, नाही, नाही. उघडलं असतं तर आम्ही पाचही जण मेलो असतो, हे पुढे सगळ्यांनी त्यांना सांगितलं. त्यांनी कधी ते मान्यही केलं नाही आणि नाकारलंही नाही.

दार टिकलं आणि ती माणसं निघून गेली. चौथ्या दिवशी काका इस्पितळातच वारले. चोवीस वर्षांचे होते. त्यांचं डोकं इतकं सुजलं होतं की त्यांच्या आईने, माझ्या आजीने, त्यांना पायांवरून ओळखलं.

केस झाली. अकरा आरोपी होते. पोलिसांनी पंचनामा करून ते दार बिजागऱ्यांसकट काढून नेलं आणि त्याला सुतळीने एक पुठ्ठा बांधला, मुद्देमालाचा नंबर लिहिलेला. तीन वर्षं ते कोर्टाच्या कोठीत पडून होतं. साक्षीला उभे राहिले ते आमच्याच वस्तीतले दोघे, आणि त्यातल्या एकाने उलटतपासणीत सांगितलं, माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती, चेहरे दिसले नाहीत. मी साक्ष द्यायला तयार होते, पण मी आत होते, मला फक्त पातं दिसलं होतं. अकराही सुटले.

निकालानंतर दादांनी अर्ज करून दार परत मागितलं. कारकुनाने विचारलं, या फळकुटाचं काय करणार? दादांनी ते हातगाडीवर घातलं आणि अंबरनाथला आमच्या चाळीतल्या खोलीवर आणलं. तोवर आम्ही गाव सोडलं होतं. खोलीत स्वयंपाक आणि मोरी यांच्यामध्ये आडोसा नव्हता, तिथे त्यांनी ते उभं केलं, घावांची बाजू मोरीकडे करून. आंघोळ करताना मी रोज ते सात घाव बघत मोठी झाले. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे.

बी.ए. झाल्यावर मला अंबरनाथमध्येच एका वाचनालयात नोकरी लागली. तिथल्या समितीने वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत शहराचं छोटं संग्रहालय करायचं ठरवलं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. नव्या इमारती उठत होत्या, जुनी माणसं जुन्या वस्तू भंगारात घालत होती, आणि समितीतल्या लोकांना, त्यातले बहुतेक निवृत्त अधिकारी, वकील, डॉक्टर, असं वाटत होतं की काहीतरी जपलं पाहिजे. माझं अक्षर चांगलं म्हणून वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

समया आल्या. पैठण्या आल्या. अडकित्ते, पानाचे डबे, चांदीची फुलपात्रं, पाटा-वरवंटा, शिवमंदिराचे जुने फोटो. मी प्रत्येकावर लिहीत गेले, अमुक घराण्याकडून भेट. वर मोठ्या अक्षरात पाटी लिहिली, आपल्या शहराचा वारसा. पाटी वाळत असताना मी दोन्ही खोल्यांतून एक फेरी मारली. कारखान्यातलं काही नव्हतं, आणि शहर कारखान्यांवर उभं होतं. शेजारी उल्हासनगरात फाळणीत उखडून आलेले हजारो सिंधी होते, त्यांचं काही नव्हतं. आमचं काही नव्हतं. उद्या कोणी परका माणूस इथे आला असता तर त्याला वाटलं असतं, या भागात फक्त समया लावणारे लोक राहत होते.

वाचनालयाचे चिटणीस निवृत्त अधिकारी होते, साठीच्या पुढचे, शिस्तीचे आणि थोडे तुसडे. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, तुमच्याकडे काय आहे द्यायला? प्रश्न साधा होता, टोमणा नव्हता. मी म्हटलं, एक दार आहे.

ते संध्याकाळी आमच्या खोलीवर आले. आईने चहा केला. मी दार फिरवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग दादांना म्हणाले, मला हे कसं झालं ते सांगाल का? दादा बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा ते सगळं बोलले. चहा तसाच राहिला. आई मध्येच म्हणाली, "आपलं मरण काय लोकांना दाखवायचं?" दादांनी फक्त एवढं विचारलं की कोणी हात लावेल का त्याला. चिटणीस म्हणाले, लावतील. दादा म्हणाले, मग न्या.

चिठ्ठी मी घरीच लिहिली. शेवटचं वाक्य होतं, बाहेर एक जण होता, तो मेला. दादांनी वाचलं आणि कागद परत दिला.

"मेला नाही. मारला."

मी ते बदललं. चिठ्ठीचा मजकूर असा झाला, की हे दार गावाच्या रस्त्याकडे तोंड करून बसवलं म्हणून ते कुऱ्हाडीने फोडण्यात आलं. आत चार माणसं होती, ती वाचली. बाहेर एक जण होता, त्याला मारलं. खटल्यात सर्व आरोपी सुटले. गावाचं नाव नव्हतं, कोणाचंच नाव नव्हतं.

समितीत यावर दोन तास वाद झाला. मला आत बोलावलं नव्हतं, पण भिंत पातळ होती. एकांचं म्हणणं, संग्रहालय हे सुंदर वस्तूंचं ठिकाण. दुसरे म्हणाले, ठेवू, पण लिहू की जुने सागवानी दार, कोरीव कामाचा नमुना. कोणीतरी म्हणालं, एका दुर्दैवी प्रसंगात हानी, असं घाला. चिटणीस शेवटी म्हणाले की त्या दोन खोल्यांत खोटी चिठ्ठी लागणार असेल तर माझा राजीनामा घ्या. कौल एका मताने आमच्या बाजूने लागला.

पहिल्या आठवड्यात लोक आले, समयांपाशी थांबले, दारापाशी गप्प झाले. काही जण चिठ्ठी वाचून माझ्याकडे न बघता खाली उतरले. एक बाई म्हणाली, अशा गोष्टी उकरून काय मिळतं? उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून एक म्हातारी सिंधी बाई सुनेसोबत आली होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं, सुनेने वाचून दाखवलं. म्हातारीने एका घावात बोटं घातली आणि तशीच उभी राहिली. मग मला हिंदीत म्हणाली, "मैं भी अंदर थी, बेटी. बारह साल की." तिच्या घराचं दार टिकलं नव्हतं. तिच्या वडिलांनी दोन मोठ्या मुलींना आधीच विहिरीत उडी मारायला लावलं होतं, तिची पाळी यायच्या आत लष्कराची गाडी आली. हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. सून रडायला लागली. तिला हे माहीतच नव्हतं. सतरा वर्षं एका घरात राहत होत्या.

दुसऱ्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला टेम्पो आला. आठ-नऊ तरुण जिने चढून वर आले. एकाच्या हातात लोखंडी पहार होती, बाकीच्यांच्या हातात काठ्या. वर मी होते, चिटणीस होते, एक नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलगी होती. पुढच्याने विचारलं, "किसने लिखा है वो? गावाची बदनामी कोणी केली?"

चिटणीस म्हणाले, संस्थेने लिहिलं आहे, मी चिटणीस आहे, माझ्याशी बोला. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत काठी त्यांच्या गळ्याच्या हाडावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. ते खाली बसले आणि बसल्या बसल्या पुन्हा म्हणाले, माझ्याशी बोला. त्यांच्या तोंडावर लाथ मारली.

मी म्हटलं, मी लिहिलं.

कपाटांच्या काचा फुटायला लागल्या. त्यांनी पैठणी ओढून फाडली, फोटो पायाखाली घातले. ज्यांनी आमचं दार नको म्हटलं होतं त्यांच्याच घरच्या वस्तू आधी फुटल्या. एकाने पितळेची समई उचलली आणि बुडाकडून माझ्या डाव्या कानशिलावर मारली. कानात शिट्टी वाजली आणि मग त्या बाजूचं सगळं बंद झालं. मी पडले. मला दिसत होतं की दोघे आळीपाळीने पहारीने दारावर घाव घालत आहेत आणि सागवान दाद देत नाही. एकदम मला त्या फटीतलं ऊन दिसलं. नऊ वर्षांची असताना मी रडले नव्हते, ओरडले नव्हते, काहीच केलं नव्हतं.

पाट्यावरचा वरवंटा माझ्या हाताशी पडला होता. मी तो दोन्ही हातांत धरून उठले. समई घेतलेला पोरगा माझ्याकडे पाठ करून होता. तो वळला आणि मी वरवंटा त्याच्या तोंडावर मारला. जबडा एका बाजूला सरकला. तो गुडघ्यांवर आला, तोंडातून दात आणि रक्त एकत्र आलं. मी पुन्हा मारला. दुसरा त्याच्या खांद्यावर बसला, पण मी डोक्यावर नेम धरला होता. हे मी आजपर्यंत कोणाला नीट सांगितलेलं नाही. मला तेव्हा भीती वाटली नाही, राग पण नाही. मला बरं वाटलं. अंगातून काहीतरी गरम वाहून गेल्यासारखं बरं. तिसरा मारायच्या आधी त्या लहान मुलीच्या बापाने मला मागून कवळून धरलं. त्याने धरलं नसतं तर मी त्या पोराला जिवे मारलं असतं.

त्यांनी दार उचलून गॅलरीतून खाली अंगणात फेकलं आणि आपल्या माणसाला टेम्पोत घालून निघून गेले. दाराची खालची बाजू फाटली. कमळ तसंच राहिलं.

माझ्या डोक्याला चौदा टाके पडले. डावा कान गेला, तो परत आला नाही. चिटणीसांचं गळ्याचं हाड वाकडं जुळलं. पोलिसांनी दोन गुन्हे नोंदवले, एक त्यांच्यावर, एक माझ्यावर. इन्स्पेक्टर मला समजावून सांगत होता की बाई, त्याचा जबडा तीन ठिकाणी मोडलाय, मलाही कागद रंगवावेच लागतात. दादा इस्पितळात आले, पलंगापाशी उभे राहिले. मला वाटलं, ते म्हणतील, कशाला गेलीस त्या भानगडीत. त्यांनी विचारलं, तू दार सोडून पळालीस का? मी म्हटलं, नाही. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला.

संग्रहालय बंद झालं. दार खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रांच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. दोन महिन्यांनी, मी कामावर परतल्यावर, एक म्हातारा माणूस मला भेटायला आला. पांढरं धोतर, हातात पिशवी, पाय किंचित ओढत. त्याने सांगितलं की जबडा मोडला तो त्याचा पुतण्या. दोन्ही बाजूंनी केस मागे घ्यावी अशी विनंती करायला आला होता. गावची जमीन विकून तो आता बदलापुरात शिरगावला नव्या बिल्डिंगमध्ये राहत होता. पोराचं लग्न ठरत नव्हतं, नोकरी लागत नव्हती. मी त्याला खुर्ची दिली. उन्हातून आला होता, घसा कोरडा पडला होता, मी माठातलं पाणी दिलं. आमच्या घरचं पाणी त्याच्या घराने कधी घेतलं नसतं. त्याने घेतलं.

पाणी पिताना त्याची नजर भिंतीकडे गेली. तो उठला, दारापाशी गेला. त्याने घाव मोजल्यासारखं बोट फिरवलं.

"वरचे दोन माजे," तो म्हणाला. "बाकीचे माजे नाय."

मी विचारलं, आणि बाहेर जो होता तो? त्याने दाराकडेच तोंड ठेवलं.

"मी नाय मारला त्याला. पन धरला व्हता मी."

तो अकरांपैकी एक होता. कोर्टात त्याने सांगितलं होतं की त्या दिवशी तो बाजारात होता. वरवंटा कुठे आहे, हा विचार माझ्या मनात आला. वर होता, काचांच्या ढिगात. मी जिन्याकडे एक पाऊल टाकलंही. मग खुर्चीवर बसले आणि त्याला सांगितलं की केस मी मागे घेईन, मला माफी नको, दुसरं काही नको. तू आत्ता जे बोललास ते मी चिठ्ठीवर लिहिणार, आणि लिहिलेलं तू वाचून बघायचंस. तो म्हणाला, मला वाचता येत नाही. मी म्हटलं, मग ऐकायचंस. त्याने विचारलं, नाव घालशील? मी म्हटलं, नाही. तो बराच वेळ पिशवीचे बंद चाचपत राहिला. मग म्हणाला, लिही.

मी लिहिलं. त्याला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली आणि गेला.

घरी जाऊन मी दादांना सगळं सांगितलं. म्हातारा काय म्हणाला, घाव कोणते, धरलं कोणी. ते ऐकत होते. मी पाण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"तू त्याला पाणी दिलंस?"

मी हो म्हणायच्या आत त्यांनी मला मारलं. चांगल्या कानाकडे. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उचलला नव्हता, एकदाच उचलला आणि सगळ्या ताकदीनिशी. माझं डोकं भिंतीवर आपटलं. आई मध्ये पडली तर तिला ढकललं. थाळी, तांब्या, स्टोव्ह, हाताला लागेल ते त्यांनी फेकलं. मग ते मोरीकडे गेले, जिथे दार उभं असायचं त्या मोकळ्या जागेत, आणि भिंतीवर खांदा आपटायला लागले, पुन्हा पुन्हा, तोच जुना घाव असलेला खांदा. भाऊ आणि शेजारचे दोघे मिळून त्यांना धरू शकले. ते रडले नाहीत. ते म्हणत होते, मी नाही उघडलं, मी नाही उघडलं. पुढचे पाच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

कोर्टात तडजोडीच्या दिवशी मी आणि तो पुतण्या एकाच बाकावर बसलो होतो. त्याचा चेहरा एका बाजूला खेचला गेला होता. बोलताना शब्द ओठांतून घसरायचे. पुकारा व्हायला वेळ होता. शेवटी मीच विचारलं की चिठ्ठीत गावाचं नाव नव्हतं, मग बदनामी कसली? त्याने जमिनीकडे बघत सांगितलं, "मैंने पढ़ा ही नहीं था. सांगितलं त्यांनी, गावाचं नाव लावलंय. मी त्या वेळी सातवीत होतो, मला तर काय झालं तेच माहीत नव्हतं." त्याच्या काकाने, म्हणजे त्या म्हाताऱ्याने, घरी आता सांगितलं, असंही म्हणाला. मी त्याला माफ केलं नाही. त्यानेही मला केलं नसावं. पुकारा झाला, आम्ही दोघांनी सह्या केल्या.

संग्रहालय पुन्हा उघडायला समितीतल्या तिघांचा विरोध होता. दोघे सोडून गेले. पण ज्यांची पैठणी फाटली होती त्या घरातल्या एक आजी स्वतः वाचनालयात आल्या आणि म्हणाल्या, ती फाटलेलीच लावा. ती फाटलेलीच लावली. वरची पाटी मी पुन्हा लिहिली, या वेळी नुसतं, आपलं शहर. कॅम्पातल्या म्हातारीने एक पितळी डबी पाठवली, तिच्या बहिणीची, आणि मजकूर सुनेने लिहून दिला. कारखान्यातल्या प्रेस मशीनवर चार बोटं गेलेल्या एका बाईने आपला कामाचा हातमोजा आणला, उजव्या हाताचा, आणि मला विचारलं, असलं चालतं ना इथे? मी म्हटलं, चालतं. एका बड्या घरच्या सुनेने एक दिवस दुपारी येऊन लाटणं दिलं आणि घाईघाईने गेली. त्यावर काय लिहायचं ते तिने सांगितलं नाही. ते आम्ही चिठ्ठीशिवाय ठेवलं. बायका त्याच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहायच्या.

आम्ही काही फार मोठं केलं असं मी म्हणणार नाही. गावात दारं फिरली का, मला माहीत नाही, मी परत गेले नाही. शहरात भांडणं थांबली नाहीत. त्यानंतर दोनदा दगड आले, एकदा पोलीस बसवावा लागला. दादा कधीच वर आले नाहीत. वाचनालयात यायचे, खाली पेपर वाचून जायचे.

आई यायला लागली. आधी मला डबा द्यायला, मग रविवारी तशीच. दारापाशी एक स्टूल घेऊन बसायची. कोणी चिठ्ठी वाचताना अडखळलं की ती सांगायला लागायची. सुरुवातीला दोन वाक्यं, मग सगळं, कोण कुठे उभं होतं, पातं कसं आत आलं, तिने लेकराचं तोंड कसं दाबलं आणि तो गुदमरतोय हे तिला कळत होतं तरी कसं सोडलं नाही. हे शेवटचं मी तिच्या तोंडून तिथेच पहिल्यांदा ऐकलं. एकदा एका शाळेच्या मुली आल्या होत्या, सातवी-आठवीच्या. त्यांच्या बाईंना पुढच्या खोलीत जायची घाई होती. एका मुलीने आईला विचारलं, मग त्या लोकांना काय शिक्षा झाली?

"सुटले," आई म्हणाली.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई म्हणाल्या, चला, रांग करा. त्या मुलीने रांग केली नाही. ती आईच्या स्टुलाशेजारी खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून सांगा.